बंपरचा ओरखडा

माउलींनो, कार्तिकीहून परतताना मुलाची नवी गाडी कठड्याला घासली. बंपरचे पैसे विमा कंपनीकडून घेतले. यंदा कंपनी बदलताना एजंट म्हणाला, "महाराज, दावा केला नाही असंच लिहू. एवढंसं तर लागलं होतं! वीस टक्के सूट मिळेल."

खरं सांगतो, क्षणभर मीही गप्प बसलो. मग दिंडीची भिशी आठवली. सगळे भरतात, त्यातूनच पंगत उठते. एकाने कमी भरलं, तर भार इतरांवर. विम्याचा हप्ताही तसाच. शिवाय अर्जात लहान-मोठं विचारलेलंच नाही. दावा केला होता का, एवढंच. खाली सही मुलाची.

त्याने खरं लिहिलं, सूट गेली. सध्या माझ्याशी जरा तुटकच बोलतो.