22 मिनिटं आणि वाणीचं तप



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकावर. भगवंत इथे वाणीचं तप सांगतात. बोलणं कुणाला न दुखवणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं, आणि जोडीला स्वाध्याय असावा. श्लोक लहानपणीच पाठ झाला होता. अर्थ मात्र एका पार्किंगच्या दंडाने शिकवला.

कंपनीच्या कामासाठी काही महिने आम्ही इंग्लंडमध्ये होतो. एका रविवारी दुकानांच्या आवारात गाडी लावली. बोर्ड चांगला मोठा होता: दोन तास फुकट. खरेदी झाली, जुना मित्र भेटला, चहा झाला, गप्पा रंगल्या. निघालो तेव्हा 22 मिनिटं जास्त झाली होती. आठवड्याने पत्र आलं. गाडी आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा असे नंबरप्लेटचे दोन फोटो, आणि मागणी 100 पाउंडांची. 14 दिवसांत भरले तर 60.

डोकंच फिरलं. 22 मिनिटांचे एवढे? आणि हा सरकारी दंडही नाही. जागा सांभाळणारी खाजगी कंपनी म्हणते, बोर्ड वाचून गाडी लावलीत म्हणजे करार झाला, तो मोडला म्हणून पैसे द्या. कंपनीकडे अपील करता येतं. ते फेटाळलं तर पुढे स्वतंत्र अपिलाची सोय असते. मित्रांच्या ग्रुपवर विचारलं. उत्तर लगेच आलं, "लिही, बाळ आजारी होतं. तपासायला कोण येतंय?"

आणि मी तसं लिहिलं. बाळाला ताप, बायको घाबरलेली, आम्ही गाडीतच बसून राहिलो. मजकूर इतका छान जमला की वाचून मलाच वाईट वाटलं.

पाठवणार तेवढ्यात हट्ट्याहून बाबांचा फोन. ते रोज विचारतात तेच विचारलं, "लेकरू बरंय ना रे?"

"हो बाबा, एकदम मजेत."

फोन ठेवला आणि स्क्रीनकडे बघितलं. शेजारच्या खोलीत शांत झोपलेल्या माझ्याच लेकराला मी 60 पाउंडांसाठी, फार तर 100 साठी, ताप आणला होता. मजकूर पुसून टाकला.

पण मग अपील करूच नये का? गप्प बसून पैसे भरणं म्हणजेच सात्त्विकपणा का? इथे आपल्या भागातली गोष्ट आठवली. नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यातली. परंपरेत सांगतात की गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव रागावून थेट पांडुरंगाकडे गेले. हे अपीलच की! आणि देवाने ते ऐकून घेतलं, "तक्रार कशाला करतोस?" म्हणून हाकललं नाही. पण निकाल बदलला नाही. गुरू कर म्हणाले, आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. नामदेवांनी देवापुढे आपली बाजू मांडली, पण खोटी मांडली नाही. म्हणून निकाल विरुद्ध जाऊनही ते घडले.

म्हणजे दाद मागण्यात पाप नाही. बोर्ड झाडाआड असेल, घड्याळ चुकीचं असेल, तर जरूर भांडावं. अन्याय मुकाट सोसणं दर वेळी हिताचं नसतं.

मग माझी खरी बाजू काय होती? शोधायला बसलो तेव्हा बॅरी बीव्हिस यांचा खटला वाचला. 2013 साली चेम्सफर्डमध्ये दोन तास फुकट असलेल्या आवारात ते 56 मिनिटं जास्त थांबले. मागणी 85 पाउंडांची. ते थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि नोव्हेंबर 2015 मध्ये हरले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: बोर्ड मोठे आणि स्पष्ट होते, आणि जागा वेळेत रिकामी होत राहावी यात दुकानांचं आणि येणाऱ्या ग्राहकांचंही हित आहे.

हे वाचून राग थोडा उतरला. माझी ती 22 मिनिटं रिकामी नव्हती. कदाचित कुणीतरी तेव्हा जागेसाठी चकरा मारत असेल, आणि त्याच्या गाडीत खरंच तापाने फणफणलेलं बाळ असेल.

शेवटी चार ओळी लिहिल्या. बोर्ड दिसला होता, गप्पांत वेळेचं भान राहिलं नाही, चूक माझी आहे. खरेदीची पावती जोडली आहे, पहिलीच वेळ आहे, शक्य असेल तर सवलत द्यावी. रागाचा एकही शब्द ठेवला नाही, कारण वाचणारा माणूस नियम करणारा नसतो, नोकरी करणारा असतो.

अपील फेटाळलं गेलं. 60 पाउंड भरले. वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू! पण दुसऱ्या दिवशी बाबांनी "लेकरू बरंय ना?" विचारलं, तेव्हा "हो" म्हणताना जीभ अडखळली नाही.

आज एवढंच करून बघूया. ऑफिसची सुट्टी असो, ई-चलन असो की उशिराचं कारण, पाठवण्याआधी एकदा वाचायचं: हे खरं आहे का? कुणाला दुखवतंय का? आणि यात हित फक्त माझंच आहे का?

राम कृष्ण हरि.