कालावाओची नाताळरात्र

दिवा मंद करा. पाठ टेकून बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवता आला तर फार बरं. आज मनाने दूर जायचं आहे आणि घाई अजिबात नाही.

प्रशांत महासागरात, हवाई बेटांपैकी मोलोकाई नावाचं एक बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर जमिनीची एक सपाट जीभ समुद्रात शिरली आहे. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला दोन-तीन हजार फुटांचा उभा कडा. ज्यांनी हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिला आहे त्यांनी तो आठवावा, फक्त त्याच्या पायथ्याशी समुद्र ठेवावा. दिवस डिसेंबरचे आहेत. उष्ण कटिबंधातलं बेट म्हटलं की आपल्याला कोवळं ऊन आणि माड दिसतात. पण या अंगाला हिवाळ्यात पावसाच्या सरी असतात, वारा थांबत नाही आणि लाटा अशा उसळतात की होडी किनाऱ्याला लागणं मुश्कील होतं. पत्रं आली तर आली.

या जागेचं नाव कालावाओ. तिथे संत फिलोमिनाचं छोटं चर्च आहे आणि चर्चला लागूनच कबरस्तान. तिथे उभे राहा. वारा ऐका.

आता इथली माणसं पाहा. 1865 मध्ये हवाईच्या राज्याने कायदा केला की कुष्ठरोग झालेल्यांना वेगळं काढायचं. पहिली माणसं इथे उतरवली गेली ती 6 जानेवारी 1866 रोजी. पंचांगात नव्हे, पण आमच्या ख्रिस्ती कॅलेंडरात हा तीन राजांचा सण; दुरून आलेले ते ज्ञानी लोक बाळाच्या पायाशी भेटी ठेवतात तो दिवस. आई मुलापासून, नवरा बायकोपासून तोडला गेला. काहींची सख्खी माणसं आपखुशीने सोबत आली, त्यांना कोकुआ म्हणत, पण सगळ्यांच्या नशिबी कोकुआ नव्हता. हवाई लोकांनी या रोगाला एक नाव दिलं होतं. त्याचा अर्थ होतो : कुटुंब तोडणारा आजार.

या नावापाशी थोडं थांबा. रोगाच्या नावात व्रण नाहीत, झडलेली बोटं नाहीत. घर आहे.

आणि आता फादर डेमियन. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. मिशनवर खरं तर त्यांच्या थोरल्या भावाने जायचं ठरलं होतं. तो आजारी पडला आणि त्याच्या जागी डेमियन निघाले. 1863 मध्ये एका तीर्थस्थानी आईचा निरोप घेतला, तो शेवटचा. त्या वर्षीचा त्यांचा नाताळ भर समुद्रात, जहाजावर गेला. होनोलुलूला पोचले तेव्हा 1864 चा मार्च उजाडला होता. त्यानंतर बेटांवर पंचवीस नाताळ, त्यातले सोळा या कड्याच्या पायथ्याशी. घरी एकही नाही.

10 मे 1873 रोजी ते इथे उतरले तेव्हा डोक्यावर छप्पर नव्हतं. पहिल्या रात्री त्यांनी चर्चजवळच्या हाला नावाच्या झाडाखाली काढल्या. हाला म्हणजे आपल्या केवड्याच्या कुळातलं झाड. त्याचे मुळांचे टेकू मनात आणा. त्या टेकूंमध्ये पथारी टाकून पडलेला तेहतीस वर्षांचा धडधाकट माणूस बघा. त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते मी भरून देणार नाही. तुमचं तुम्ही बघा. तुम्हीही कधी परक्या गावात, परक्या छपराखाली सणाची रात्र काढली असेल. बोटीवर असाल, आखातातल्या एखाद्या इस्पितळात रात्रपाळीला असाल, किंवा मिशनवर. ती रात्र इथे, या झाडाखाली आणून ठेवा.

आल्या वर्षीच त्यांनी भावाला कळवलं की प्रवचनात मी ‘बंधूंनो’ म्हणत नाही, ‘आपण कुष्ठरोगी’ असं म्हणतो. त्यांच्या फ्लेमिश मातृभाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना शब्द एकच. मराठीत दोन आहेत, हवाई भाषेतही दोन आहेत. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. आपण म्हटलं की तो आत येतो. मला वाटतं, नाताळचं सगळं मर्म या एका शब्दात मावतं. देव माणसांकडे आला आणि ‘आपण’ म्हणाला. हा शब्द हळूच, ओठ न हलवता म्हणून बघा. आपण. पुन्हा एकदा. कोणाचा चेहरा समोर येतो?

डेमियन यांना मात्र ‘आपण’ म्हणायला स्वतःच्या धर्मसंघाचं माणूस फारसं जवळ नव्हतं. एकदा त्यांच्या वरिष्ठांना बोटीवरून उतरू दिलं नाही, यांना वर चढू दिलं नाही. तेव्हा खाली होडीत उभं राहून, सगळ्यांच्या देखत, फ्रेंचमध्ये मोठ्याने ओरडून त्यांनी आपल्या पापांची कबुली दिली. ते दृश्य मला कधीच पुसता आलेलं नाही.

मग डिसेंबर 1884. पाय शेकायला पाणी घेतलं. पाणी उकळतं होतं. पाय आत गेला, कातडी पोळून निघाली आणि दुखलं नाही. इथे काही बोलू नका. नुसतं त्या पायाकडे बघत राहा, जसे ते बघत राहिले असतील. महिना नाताळचा होता. अकरा वर्षं म्हणत आलेला शब्द आता अंगात उतरला होता. 1886 मध्ये आई वारली.

आता शेवटचा नाताळ, 1888. एडवर्ड क्लिफर्ड नावाचा इंग्रज चित्रकार महिन्याच्या मध्याला येऊन पोचला आहे. तो काश्मीरपर्यंत हिंडून आलेला. सोबत गर्जनाच्या झाडाचं तेल आहे, जे अंदमानात या रोगावर वापरून पाहिलं गेलं होतं. दांडा फिरवला की सूर निघणारी एक वाजंत्री पेटीही त्याने आणली आहे. डेमियन यांचा चेहरा सुजलेला, कपाळ फुगलेलं. क्लिफर्ड त्यांचं चित्र काढतो; ते बघून ते म्हणतात की रोग इतका पुढे गेलाय हे मला ठाऊकच नव्हतं. आणि मग तो दांडा फिरवतात. तो आवाज ऐका. लाटांच्या वर येणारा, थोडा यांत्रिक, थोडा बालिश आवाज. पोरं भोवती गोळा झाली आहेत. घर तुटलेली सगळी माणसं एका घरात आहेत.

हळूहळू परत या. येताना त्या रात्रीतलं एक माणूस बरोबर आणा. कोणतं ते तुम्ही ठरवा. आपल्याकडेही या रोगाने माणसं गावाबाहेर गेली. त्यांच्यासाठी वरोऱ्याला आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमट्यांना 1983 मध्ये अमेरिकेतून जो पुरस्कार मिळाला, त्याच्या नावात डेमियन आहेत.

15 एप्रिल 1889 रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, फादर डेमियन गेले. त्यांना त्याच हालाच्या झाडाखाली पुरलं. 1936 मध्ये बेल्जियमने त्यांचा देह मायदेशी नेला. 1995 मध्ये उजवा हात तेवढा कालावाओला परत आला. तो त्यांच्या जुन्या कबरीत आहे.