खुर्द्याचा हिशेब

पानिपतच्या पराभवाची बातमी नानासाहेब पेशव्यांपर्यंत पोचली ती जमाखर्चाच्या भाषेत. १४ जानेवारी १७६१ ची लढाई होऊन गेली होती, पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि वाटेत एका सावकारी जासुदाजवळचे पत्र त्यांच्या हाती पडले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. पत्र वाटेत फुटले तरी परक्याला अर्थ लागू नये, म्हणून ही सांकेतिक भाषा. पेशव्यांना मात्र अर्थ लागायला वेळ लागला नसावा. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. खुर्दा म्हणजे बाकी सगळे.

पै-पैचा मेळ बसल्याखेरीज ज्याची वही मिटत नाही, अशा सावकाराने त्या रकान्यात आकडाच घातला नाही, आणि पुढच्या अडीचशे वर्षांत ते फारसे कोणाला खटकलेही नाही. पानिपतच्या कारणांवर मराठीत जे वाद झाले ते सगळे मोत्यांचे आणि मोहरांचे. गनिमी कावा सोडून गोलाची लढाई का घेतली, होळकर मैदानातून का निघून गेले, सुरजमल जाट का दुरावला, नजीबखान हाती सापडला असता त्याला का सोडले. या वादांत बुणगे येतात ते एकाच भूमिकेत: लष्कराच्या पायातली बेडी म्हणून. हे बुणगे म्हणजे बाजारकरी, बैलवाले, मोतद्दार, पाणके, लष्कराच्या आसऱ्याने तीर्थयात्रेला निघालेली माणसे, बायकापोरे. दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेल्या छावणीत धान्य संपत आले, तेव्हा पहिल्यांदा उपाशी राहिले ते हेच. लढाईनंतरच्या कत्तलीत सापडले तेही हेच. मृतांचे आकडे चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढपर्यंत सांगितले जातात. म्हणजे खालच्या आणि वरच्या अंदाजातला फरकच एखाद्या मोठ्या शहराएवढा. मराठीने या मरणाची एकच संख्या जपून ठेवली, ‘लाख बांगडी फुटली’, आणि तीही मेलेल्यांची नाही, मागे राहिलेल्यांच्या मनगटांची.

हा दोष मराठ्यांचा म्हणावा तर त्याच्या आधी सुमारे बावीसशे वर्षे एका ग्रीक इतिहासकाराने तोच रकाना कोरा सोडला आहे. पेलोपोनेशियन युद्धाच्या दुसऱ्या वर्षी, इ. स. पू. ४३० मध्ये, तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहणाऱ्या अथेन्समध्ये साथ पसरली. थ्युसिडिडीस स्वतः त्या आजारातून उठलेला. त्याचा हिशेब असा: रांगेत लढणारे जड शस्त्रांचे पायदळ ४,४००, घोडेस्वार ३००, आणि इतर जमाव किती मेला ते शोधून काढणे अशक्य. साथीचे त्याने केलेले वर्णन इतके बारीक आहे की त्याला कळवळा नव्हता असे म्हणवत नाही. कारण साधे आहे. पायदळाची आणि स्वारांची यादी होती, बाकीच्यांची नव्हती. ज्याचे नाव जिवंतपणी कोणत्या वहीत चढले नाही, त्याला मेल्यावर वजा कशातून करणार?

युद्धांबद्दलचा सध्याचा सर्वांत आशावादी सिद्धान्त अशाच वह्यांवर उभा आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी २०११ साली ‘द बेटर एंजल्स ऑफ अवर नेचर’ या जाडजूड ग्रंथात मांडले की माणसाची हिंसा शतकानुशतके घटत आली आहे आणि आपला काळ इतिहासातला बहुधा सर्वांत शांत काळ आहे. पुस्तक वाचलेल्यांपेक्षा त्यातले आलेख तोंडपाठ असलेले लोक जास्त. युक्रेन, गाझा आणि सुदान यांच्या बातम्या समोर ठेवल्या की हे लोक सांगतात, लांबचा पल्ला पाहा.

तर लांबचा पल्ला पाहावा. पिंकर यांच्या कोष्टकात सगळ्या काळातला सर्वांत भीषण संहार दुसऱ्या महायुद्धाचा नाही. पहिला क्रमांक आहे आठव्या शतकातल्या चीनमधल्या आन लुशानच्या बंडाचा, कारण त्यातले ३ कोटी ६० लाख मृत विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या लोकसंख्येच्या मापाने ४२ कोटी ९० लाख होतात. दुसरे महायुद्ध त्या मापाने नवव्या क्रमांकावर घसरते. हे ३ कोटी ६० लाख आले कुठून? तांग दरबाराच्या नोंदीत बंडाआधी सुमारे ५ कोटी २९ लाख माणसे होती, बंड शमल्यावर ७६४ साली १ कोटी ६९ लाख. वजाबाकी केली की झाले. पण ती नोंद करवसुलीची होती. बंडाने साम्राज्याचा मोठा भाग दरबाराच्या हातून गेला, गावकामगार पळाले, माणसे दक्षिणेकडे सरकली. कोष्टकातले कोट्यवधी ‘मृत’ हे बहुधा सारा न भरणारे जिवंत लोक होते. संहारांचे आकडे जमवणाऱ्या ज्या मॅथ्यू व्हाइटकडून हा आकडा आला, त्यानेच पुढे तो १ कोटी ३० लाखांवर आणला. कवी तू फूचे तान्हे मूल याच धामधुमीच्या सुरुवातीला, ७५५ साली, भुकेने गेले. ते कोणत्या आकड्यात धरायचे, हे दोन्ही हिशेबांतून कळत नाही.

दुसरी हातचलाखी भागाकाराची. मृतांना जगाच्या लोकसंख्येने भागले की जुनी युद्धे फुगतात आणि नवी आकसतात. दर लाखाचे प्रमाण काढणे एका प्रश्नापुरते रास्त आहे: त्या काळात जन्मलेल्या कोणत्याही माणसाला हिंसक मरण येण्याची शक्यता किती? पिंकर यांना हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि त्याचे उत्तर काही बाबतींत त्यांच्या बाजूने जातेही. युरोपातल्या खुनांचे प्रमाण मध्ययुगापासून पुष्कळ घटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण युद्धाचा धोका जगाच्या लोकसंख्येवर सारखा वाटलेला नसतो. पानिपतावर अडकलेल्या पाणक्याचा धोका ब्राझीलमध्ये तेव्हा किती माणसे शेती करत होती यावर अवलंबून नव्हता.

कारणांचे शास्त्र तर याहून सैल. थ्युसिडिडीसने भीती, मान आणि लाभ ही त्रयी सांगितली. त्यानंतर कोणी भांडवल धरले, कोणी धर्म, कोणी रक्तातला नर, कोणी राजाचा स्वभाव, आणि ज्याने जे धरले त्याला ते प्रत्येक युद्धात सापडले. पानिपतच घ्या: अटकेपर्यंतच्या दौडीत मान आहे, चौथाईत लाभ आहे, नजीबाने अफगाण बादशहा अब्दालीला दिलेल्या आमंत्रणात भीती आहे. तिन्ही कारणे हजर आहेत, आणि ती हजर असताना युद्ध न झाल्याची वर्षेही पुष्कळ आहेत.

या गोंधळात एक माणूस सरळ मोजायला बसला. लुईस फ्राय रिचर्डसन, जन्म १८८१, न्यूकॅसल, पंथाने क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणारा, पेशाने हवामानशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्याबरोबर रुग्णवाहिका चालवत होता. जखमींच्या खेपांमधल्या फुरसतीत गवताच्या ढिगावर बसून त्याने एका दिवसाचे, २० मे १९१० चे, हवामान समीकरणांनी सोडवून पाहिले. सहा तासांच्या अंदाजाला सहा आठवडे लागले आणि उत्तर सपशेल चुकले: हवेचा दाब सहा तासांत १४५ मिलिबार चढेल असे आले, प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. हस्तलिखित १९१७ च्या शांपेनच्या लढाईत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. त्याने ते चुकलेल्या उत्तरासकट १९२२ साली छापले. आज जगभरचे हवामानाचे अंदाज त्याच पद्धतीने निघतात. एवढी मोठी चूक स्वतःच्या नावावर छापणारा माणूस युद्धाच्या अभ्यासकांमध्ये दुर्मिळ, म्हणून त्याच्यावर चार ओळी जास्त खर्च करणे योग्य. १९२० साली हवामान खाते हवाईदलाच्या मंत्रालयाखाली गेले, तेव्हा त्याने नोकरी सोडली होती. पुढे पेस्लीच्या तंत्रविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले आणि उरलेल्या वेळात युद्धे मोजली.

त्याची युक्ती अशी. ‘युद्ध’ हा शब्दच त्याने बाजूला ठेवला, कारण कोणत्या मारामारीला युद्ध म्हणायचे हे जिंकणारा ठरवतो. त्याऐवजी त्याने ‘प्राणघातक भांडण’ हा एकच वर्ग केला आणि भूकंपासारखी प्रत लावली, मृतांच्या संख्येतल्या दहाच्या घातानुसार. एका माणसाचा खून म्हणजे प्रत शून्य, हजार मेले तर तीन, एक कोटी मेले तर सात. १८२० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा काळ या मापाने मोजल्यावर बहुतेक मरण दोन टोकांना निघाले. दोन महायुद्धांत सुमारे ३ कोटी ६० लाख, आणि दुसऱ्या टोकाला, सुट्या खुनांत, ९७ लाखांच्या आसपास. ज्या मधल्या लढायांनी शाळेची पुस्तके भरलेली असतात, त्यांच्या वाट्याला उरलेले थोडे.

मग त्याने युद्धे सुरू होण्याच्या तारखा तपासल्या. प्रशियाच्या सैन्यात दरवर्षी किती सैनिक घोड्याच्या लाथेने मेले याचे संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविचने १८९८ साली कोष्टक केले होते. ते निव्वळ योगायोगाच्या गणिताशी जुळते. युद्धांचे कोष्टकही तसेच जुळले. जग सुधारत चालल्याची खूण त्यात नव्हती, बिघडत चालल्याचीही नव्हती. भाषा, पैसा, शस्त्रस्पर्धा अशी कारणे त्याने एकेक करून लावून पाहिली. भाषा एक असली की शांतता नांदते म्हणावे, तर स्पॅनिश बोलणारे अपेक्षेपेक्षा जास्त लढलेले निघाले. ठळकपणे टिकले ते एवढेच की ज्याला शेजारी जास्त, त्याची भांडणे जास्त. ही गोष्ट भाऊबंदकीच्या कोणत्याही दाव्यातल्या वकिलाने फुकट सांगितली असती. शेजार मोजायला त्याने सीमांच्या लांब्या काढल्या, तर स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी १,२१४ किलोमीटर नोंदलेली. मोजपट्टी जितकी बारीक तितकी रेषा लांब, हे त्याच्या लक्षात आले; १९६७ साली गणिती मँडेलब्रॉटने तो धागा उचलला आणि त्यातून पुढे फ्रॅक्टल भूमिती वाढली. युद्धाची कारणे मात्र होती तिथेच राहिली. रिचर्डसन १९५३ साली वारला. त्याचा युद्धांवरचा ग्रंथ १९६० मध्ये निघाला.

पिंकर यांनी रिचर्डसनचा गौरव केला आहे, पण त्याच्याच आकडेशास्त्राने त्यांची वाट अडवली. चिरिलो आणि तालेब या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये दाखवले की इतक्या विषम आकारांच्या घटनांत सत्तर वर्षांच्या शांततेवरून उताराचा निष्कर्ष काढता येत नाही. ॲरन क्लॉसेटने २०१८ मध्ये हिशेब केला की १९४५ नंतरची शांतता आणखी शंभर ते एकशेचाळीस वर्षे टिकली, तरच तिला योगायोगापेक्षा वेगळे म्हणता येईल.

इथवर आल्यावर मोजणेच व्यर्थ असे म्हणण्याचा मोह होतो. प्रत्येक मरण अनमोल, आकडे निर्दय, वगैरे. हे बोलायला सोज्वळ वाटते, पण याचा फायदा कोणाला होतो ते पाहिले की पिंकर यांचे चुकीचे आकडेही बरे वाटू लागतात. अफगाणिस्तानच्या युद्धात अमेरिकी सेनापती टॉमी फ्रँक्स यांनी आपण प्रेते मोजत नसल्याचे सांगितले, ते करुणेपोटी नव्हे. १९४२ साली जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीतला तांदूळ आणि होड्या सरकारने हटवल्या. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात सरकारी आयोगाने १५ लाख मृत धरले, नंतरचे अंदाज ३० लाखांच्याही पुढे गेले. हे लोक महायुद्धात मेले की महायुद्धाच्या काळात मेले, हा प्रश्न फक्त व्याकरणाचा नाही. त्याच्या उत्तरावर कोणाच्या तरी वहीतला खर्च ठरतो. जून १९१८ मध्ये सैनिकांच्या जहाजांबरोबर मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला. १९२१ च्या खानेसुमारीत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. पहिल्या महायुद्धातल्या भारतीय मृतांच्या आकड्यात ही माणसे कुठेच नसतात.

न मोजण्याचे राजकारण मेसोपोटेमियातल्या कूतमध्ये फार जवळून दिसते. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी टायग्रिसच्या वळणावरच्या त्या गावात कोंडले. तिच्यात मराठा पलटणी होत्या. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. घोडे कापून खाण्याची वेळ आली तेव्हा बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारले, आणि स्कर्व्ही त्यांच्यात जास्त पसरला. विमानांतून पिठाची पोती टाकली गेली; काही गावात पडली, काही नदीत. आतल्या सुमारे १३,००० जणांना सोडवण्याच्या प्रयत्नांत बाहेरचे २३,००० मारले गेले वा जायबंदी झाले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. टाउनशेंडना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. त्यांच्या स्पॉट नावाच्या कुत्र्याला तुर्कांनी सौजन्याने इंग्रजांच्या बाजूला परत पाठवले. शिपाई वाळवंटातून पायी चालवले गेले आणि त्यांतले हजारो परतले नाहीत. बरोबर साडेतीन हजारांच्या आसपास बिनलढाऊ हिंदी चाकर होते: पाणके, भंगी, खेचरवाले. पानिपतच्या भाषेत बुणगे.

मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उघडले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली आहेत, अगदी साध्या शिपायांचीही. हिंदी अधिकाऱ्यांचीही नावे आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावे कोरलेली आहेत, तेव्हा यादी नव्हती ही सबब चालत नाही. फ्रान्समध्ये युरोपीय पाहुणे येणार होते. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ च्या अहवालात हे कबूल केले: ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि कमीत कमी १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावे कोरली गेली नाहीत किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही. यांत बहुतेक आफ्रिकेतले, इजिप्तमधले आणि भारतातले.

सातारा भागातल्या आणि कोकणातल्या काही गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत सरकारने बसवलेली संगमरवरी पाटी अजून आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. मूळ गावातही नाव नाही. बसऱ्याचे स्मारक सद्दाम हुसेनच्या हुकमावरून १९९७ मध्ये उचलून शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला नेले गेले. दगड हलवले तेव्हा नावे आणि आकडे दोन्ही बरोबर गेले.