आईबापांचं चुकलं कुठे?

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे एक लघुउद्योजक शेजारी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "मला वेल्डर मिळत नाही आणि बी. ए., एम. ए. झालेली पोरं रोज गेटवर येतात. या खेड्यातल्या आईबापांना शिक्षणाचं वेड लागलंय. कुणीतरी उतरवायला हवं ते." माणूस भला आहे, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

पदवीधरांना नोकऱ्या नाहीत हे कुणाला नव्याने सांगायला नको. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, हे घरोघर ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2024 च्या भारतविषयक अहवालातला आकडा याहून बोचरा आहे. 2022 साली पदवीधर तरुणांमध्ये बेकारी 29.1 टक्के होती आणि लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये 3.4 टक्के. उद्योजकांना यात आपलंच म्हणणं दिसेल. पण निरक्षर पोराला बेकार राहणं परवडतच नाही. मिळेल त्या मजुरीवर त्याला सकाळी उभं राहावंच लागतं. कन्नड-पैठण तालुक्यांतल्या बापाला आपल्या पोराच्या वाट्याला नेमकं तेच यायला नको असतं.

काहीतरी व्हावं म्हणून शिकवणं वेगळं आणि काहीतरी होऊ नये म्हणून शिकवणं वेगळं, असं मला पूर्वीपासून वाटत आलं आहे. शहरातल्या घरांत पोराने डॉक्टर व्हावं, इंजिनिअर व्हावं म्हणून पैसा ओततात. ऊसतोडीला जाणाऱ्या आईचं मागणं निराळं असतं: पोराच्या हातात कोयता येऊ नये, मुकादमाची उचल त्याच्या अंगावर बसू नये, कचेरीत कागद वाचून घ्यायला दुसऱ्याचे पाय धरावे लागू नयेत. मुलीच्या बाबतीत तर हे अधिकच खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. अशा मुलखात अकरावीला, मग बी. ए.ला नाव घातलेली मुलगी निदान तेवढी वर्षं बोहल्यापासून लांब राहते. तिला नोकरी लागली नाही म्हणून ती वर्षं वाया गेली, असं मी तरी म्हणणार नाही.

शिवाय याला वेड म्हणायचं कशाला? हा डोळ्यांनी पाहिलेला अनुभव आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे आणि उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकावं लागे. 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद झालं. 1958 मध्ये विद्यापीठ आलं. मिलिंदच्या परिसराबद्दल, नागसेनवनाबद्दल, लिहायला घेतलं की हात आवरत नाही. गावकुसाबाहेरून पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरं तिथल्या वसतिगृहांत राहिली, शिकली, लिहिती झाली. गंगाधर पानतावणे यांनी तिथे शिकवलं, आणि त्यांच्या 'अस्मितादर्श' नियतकालिकाने दलित साहित्याला हक्काची जागा दिली. या पिढ्यांतून गावोगाव गुरुजी, ग्रामसेवक, बँकेतले साहेब, एसटीचे कंडक्टरही निघाले. आज पन्नाशीत असलेल्या बापाने शेजारच्या घराला स्लॅब पडताना पाहिला आहे, तो पगारावर पडला हे त्याला पक्कं माहीत आहे.

उद्योजकांच्या बाजूनेही एक वजनदार साक्ष आहे. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सांगितलं होतं की सुशिक्षितांनी सरकारी चाकरीमागे न लागता उपयोगी धंद्यांत शिरावं. पण त्याच निवेदनात सुशिक्षितांची संख्या शंभरपट व्हावी अशीही त्यांची इच्छा आहे. शिक्षण कमी करा, असं ते कुठेच म्हणत नाहीत. आणि वेल्डरला काय देता, असं मी पंगतीतच विचारलं, तेव्हा कळलं की तो ठेकेदाराच्या पटावर असतो, काही महिन्यांनी ब्रेक मिळतो, कायम कुणीच होत नाही. आयटीआय केलेल्या पोराला कारखाना स्थैर्य देणार नसेल, तर त्याच्या बापाने पदवीवरचा विश्वास कशाच्या भरवशावर सोडावा?

इथवर मी आईबापांच्या बाजूने निःशंक होतो. शहरातल्या औरंगपुऱ्यात स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेत जाऊन बसल्यावर मात्र मन डळमळलं. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकावर नंबर, चार्जरच्या वायरी, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक, गावाहून आलेल्या डब्याचा वास. तलाठी भरतीचा अर्ज खुल्या गटाला एक हजार आणि राखीव गटाला नऊशे रुपयांना पडला होता. नऊशे म्हणजे शेतावरच्या बाईची तीनेक दिवसांची रोजंदारी, आणि एक पोरगं वर्षात असे कितीतरी अर्ज भरतं. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. तेवढी वर्षं घरचे पैसे पाठवत राहतात. कोयत्यापासूनची सुटका कधीच झालेली असते. पुढे कुठे पोचायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि अभ्यासिकेतलं हे पोरगं कॉलेजच्या ज्या वर्गातून आलं, त्या वर्गात शिकवत कोण होतं? बहुतेक ठिकाणी नेट-सेट झालेला, पीएचडी असलेला आणि तरी तासिका तत्त्वावर राबणारा माणूस. स्वतःच अर्धबेकार असलेल्या प्राध्यापकासमोर आपण पोरं बसवतो, तीही रोज येत नाहीत आणि नोंदवहीत हजेरी मात्र लागते. म्हणून आता माझं मत असं झालं आहे की आईबापांचा शिक्षणावरचा विश्वास चुकलेला नाही, त्यांचं गप्प राहणं चुकलं आहे. बैल घेताना दात मोजणारा माणूस कॉलेज निवडताना काहीच विचारत नाही.

म्हणून आईबापहो, येत्या जूनमध्ये प्रवेशाला पोराबरोबर तुम्हीही जा. कायम प्राध्यापक किती, वर्षात तास किती होतात, प्रयोगशाळा उघडते का, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. मतं मागायला येणाऱ्याला विचारा, रिक्त जागा किती आणि भरतीची परीक्षा, निकाल, नेमणूक यांच्या तारखा कोणत्या. आणि पोराशी बसून आधीच ठरवा, परीक्षेची वाट किती वर्षं पाहायची.