वहीतली ब्याण्णव नावं

गेल्या उन्हाळ्यात माळवदाच्या घरातलं जुनं कपाट रिकामं करताना एक शंभर पानी वही हाताला लागली. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात 'लिस्ट' असं लिहिलेलं होतं आणि खाली ९२ नावं. वर्ष २००४. तेव्हा मी कंधार तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेवर शिकवत होतो. अनुदान आलं नव्हतं, म्हणून पगारही नव्हता. घर तीन एकर कोरडवाहूवर आणि बायकोच्या शिलाई मशीनवर चालायचं. एका सोयऱ्यानं मला नांदेडला हॉटेलातल्या मीटिंगला नेलं. तिथं टाय लावलेल्या माणसानं पहिलंच काम सांगितलं: ओळखीच्या शंभर जणांची नावं काढा, कुणालाही मनातच कापू नका. मी ९२ वर अडलो.

वीस वर्षांनी ती यादी वाचताना तिच्यातला क्रम माझ्या लक्षात आला आणि मी बराच वेळ खालीच बसून राहिलो. वरची नावं पैसेवाल्यांची नव्हती. कंधारच्या बाजारपेठेतले दुकानदार यादीत पार शेवटी होते. वर होते ते लोक, ज्यांना मला 'नाही' म्हणणं जड गेलं असतं. शाळेचा शिपाई. ज्याच्या पोराला मी फुकट शिकवत होतो तो बाप. बहिणीकडं बघून गप्प बसणारे दाजी. मी नकळत माणसं त्यांच्या भिडेनुसार लावली होती.

'भीड भिकेची बहीण' असं आपण सहज म्हणतो. पण मराठवाड्याच्या गावात भीड हीच कित्येकांची एकमेव ठेव असते. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे उसने मिळतात ते भिडेवर. रात्री दवाखान्यात न्यायला जीप मिळते ती भिडेवर. तिची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नसते, पण ती पिढ्यानपिढ्या साठवावी लागते. एखाद्याच्या मयतीला गेलेला दिवस, लग्नात वाढलेल्या पंगती, परत केलेला पसाकुडता, यातून ती जमते. नेटवर्क मार्केटिंगची साखळी आमच्याकडं आली तेव्हा पावडर आणि साबण ही वरची वेष्टणं होती. तिला लागणारा कच्चा माल म्हणजे हीच भीड.

हे लिहिताना मला एक गोष्ट विसरायची नाही. पार्टटाइम धंद्याची ओढ खोटी नव्हती आणि आजही नाही. कोरडवाहू माणसाला जोडधंदा लागतोच. शेती चार-सहा महिने हात गुंतवते, बाकीचे महिने माणूस पावसाकडं आणि हमीभावाकडं बघत असतो. आमच्या तालुक्याच्या नावानं ओळखली जाणारी लाल कंधारी गाय हा जुना जोडधंदाच: उन्हात टिकणारी, बैल औताला दणकट देणारी. शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचे सौदे होतात, तिथंही सगळा कारभार शब्दावर आणि ओळखीवर चालतो. पण तिथं घेणाऱ्याच्या हातात शेवटी जनावर येतं. ते औताला चाललं नाही तर विकणाऱ्याचं नाव पुढच्या यात्रेत खराब होतं. ओळख मालाच्या पाठीशी उभी असते. आमच्या मीटिंगांत ओळखच विकली जात होती.

मुलांची अवस्था तर आणखी बिकट होती. ज्या काळात मराठवाड्यात गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, त्या काळात शेत विकून शिकलेली पोरं २०१२ नंतर शिक्षकभरती थांबल्यावर घरी बसली. २०१३ पासून टीईटी आली, ती पास होऊनही जागा नव्हत्या. अशा पोराला कुणी 'सर' म्हणून स्टेजवर बोलावतं, हार घालतं, त्याच्या नावामागं 'सिल्व्हर', 'डायमंड' लावतं, तेव्हा तो पैशाच्या आधी त्या मानाला भुलतो. मी त्याला दोष देत नाही. मलाही त्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाटलं होतं की कुणीतरी माझं ऐकून घेतंय. नोकरीवाले गुरुजीही यात होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सरकारी कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय खासगी धंदा करू देत नाहीत, म्हणून सभासदत्वाची आयडी बायकोच्या नावावर आणि मीटिंगला साहेब स्वतः, अशी रीतच पडली होती.

हिशेब मात्र कुणी मांडत नव्हता, आणि मी तर गणिताचा मास्तर. प्रत्येकानं सहा जण आणायचे, त्यांनी सहा-सहा. पहिल्या ओळीत ६, मग ३६, २१६, १,२९६, ७,७७६. सहाव्या ओळीला ४६,६५६ माणसं लागतात. एवढी तर आमच्या कंधार शहरात नाहीत. नवव्या ओळीला एक कोटीच्या वर जातात, आणि २०११ च्या जनगणनेत सगळा नांदेड जिल्हा ३३ लाख ६१ हजारांचा. बाराव्या ओळीला भारत संपतो. पण याहून बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. साखळी कुठल्याही ओळीवर थांबवा, दर सहा माणसांतली जवळजवळ पाच शेवटच्या ओळीतच असतात, त्यांच्या खाली कुणीच नसतं. मेहनत कमी पडली म्हणून ती तिथं नसतात. आकृतीच तशी आहे. आणि आम्ही त्यांना सांगत होतो, 'तुम्ही निगेटिव्ह आहात, फॉलोअप घेत नाही.'

कायदा याबाबतीत मुका नाही. 'प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट' १९७८ चा आहे. पुढं सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत जॉइनिंग फी घ्यायला मनाई होती. २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण (डायरेक्ट सेलिंग) नियम अधिसूचित झाले: पिरॅमिड योजनेला बंदी, विक्रेत्याजवळ ओळखपत्र हवं, आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. हे शेवटचं वाचून मला वाटतं, गावात कोण वेळ ठरवून येतो? भाचा येतो, चहा घेतो, मग बॅगेतून कागद काढतो.

थेट विक्री मुळातच गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पैसा कुठून येतो हे बघावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७९ मध्ये अ‍ॅमवेला पिरॅमिड ठरवलं नाही, त्याच्या कारणांत कंपनीचे तीन नियम होते: वितरकानं घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकायचा, महिन्याला दहा गिऱ्हाइकं दाखवायची आणि उरलेला माल वितरकाकडून परत घ्यायचा. म्हणजे साखळीबाहेरच्या माणसानं स्वखुशीनं माल विकत घेतला पाहिजे. त्याच कंपनीच्या भारतातल्या ७५७ कोटींच्या मालमत्तेवर ईडीनं एप्रिल २०२२ मध्ये टाच आणली; माल अवाच्या सवा महाग आणि सगळा भर सभासद वाढवून श्रीमंत होण्यावर, असा ईडीचा आरोप होता. प्रकरण २०११ च्या तपासाचं आहे आणि आपण सहकार्य करत आलो, असं कंपनीनं सांगितलं. त्याच कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ७० कंपन्यांची उत्पन्नपत्रकं तपासली, तेव्हा बहुतेक वितरकांना वर्षाकाठी हजार डॉलर किंवा त्याहून कमी मिळाल्याचं दिसलं. तेही खर्च वजा न करता.

आमच्याकडच्या आठवणी वेगळ्या नावांच्या आहेत. २०११ मधलं स्पीक एशिया: ११ हजार भरा आणि घरबसल्या सर्व्हे भरा. २०१४ मध्ये कोसळलेली नाशिकची केबीसी ही साखळी कंपनी. आणि पर्ल्सची पीएसीएल, ती खरं तर जमिनीच्या नावावरची ठेव, पण गावात शिरली ती एजंटांच्या साखळीतूनच. सेबीनं ऑगस्ट २०१४ मध्ये तिला ४९,१०० कोटी परत करायला सांगितले. कोट्यवधी लोकांचे पैसे परत करण्यासाठी न्यायमूर्ती लोढांची समिती नेमावी लागली. कंपनीचं मुख्यालय कुठं आहे हे आमच्या फुलवळ-बारूळच्या बाईला माहीत नसतं. तिला एजंट माहीत असतो. तो तिचा पुतण्या असतो.

इथं मला पिग्मीवाल्याची आठवण येते. १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेनं सुरू केलेली ही पद्धत आमच्या गल्लीत पतसंस्थांनी आणली. रोज संध्याकाळी सायकलवर येणारा, दहा-वीस रुपये घेऊन कार्डावर सही करणारा माणूस. त्याचा धंदाही पार्टटाइमच, कमिशनवरच आणि ओळखीवरच. काही पतसंस्था बुडाल्या, तेव्हा तोही तोंड लपवत फिरला. पण त्यानं पानटपरीवाल्याला कधी म्हटलं नाही की तूही सहा पिग्मीवाले तयार कर. बचत गटाच्या बायकाही दहा-बारा जणीच असतात. गट वाढवायचा नसतो, कर्ज फेडायचं असतं. तिथं भीड एकमेकींना सांभाळायला वापरली जाते.

माझ्या वहीत २३ नावांपुढं बरोबरची खूण आहे. त्यांची आयडी मी लावली. प्रत्येकी साडेसहा हजार रुपये, बदल्यात सूटचं कापड आणि आयुर्वेदिक पावडरचे डबे. शाळेचा शिपाई पैसे मोजून देताना म्हणाला होता, "सर, मला यातलं काई कळत नाई. तुमच्याकडं बघून देयलालो." दोन वर्षांनी कंपनीचं नांदेडचं ऑफिस बंद झालं. नंतर शाळेला अनुदान आलं, तेव्हा मी एकेकाचे पैसे परत करू लागलो. सात वर्षं लागली. सोळा जणांचे फिटले. दोघं तोवर वारले होते. पाच जणांनी घेतलेच नाहीत. शिपाई त्यातला एक. "राहू द्या सर, तेवढ्यासाठी काय," म्हणाला. पण त्यानंतर तो माझ्या ओट्यावर बसला नाही. बाजारात नमस्कार करतो आणि पुढं जातो.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, सोयाबीनचे पैसे घरोघरी आलेले असताना, भाचा आला. चहा झाला. मग त्यानं मोबाइल काढून मला प्लॅन दाखवला. आता सगळं अ‍ॅपवर, जॉइनिंगही आणि मीटिंगही झूमवर. "मामा, तुमचे एवढे विद्यार्थी आहेत, तुमच्या एका शब्दावर पन्नास लोक येतील," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. खरंच आले असते.

मी आत जाऊन वही आणली आणि त्याच्या हातात दिली. त्यानं पहिलं पान उघडलं आणि बोट खाली सरकवत नेलं. तिसऱ्या नावावर बोट थांबलं. त्याच्या वडिलांचं नाव, पुढं बरोबरची खूण, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'घेत नाहीत.'

"दादांनी कधी सांगितलं नाही," तो म्हणाला.

त्यांनी माझ्या बहिणीलाही कधी सांगितलं नव्हतं.