जरादर्शन आणि देवळाची पायरी

पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरची डोंगरात कोरलेली लेणी असोत किंवा पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी ओळखले जाणारे पिंपळगाव रोठ्याचे कोरठण खंडोबा देवस्थान असो, देवाकडे जाणारी वाट चालत्या, चढत्या, धडधाकट शरीराला गृहीत धरूनच पडलेली असते. आणि हे गृहीत इतके मुरलेले असते की ज्याचे शरीर त्यात बसत नाही, त्यालाच आपल्यात काही उणे आहे असे वाटू लागते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ साली ज्या प्रक्रियेला ‘कलंक’ म्हटले, ती हीच: माणसाचे एखादे लक्षण त्याच्या उरलेल्या सगळ्या ओळखीवर पसरते आणि मग त्याच्या हातातली काठी आधी दिसते, माणूस नंतर. प्रश्न असा की, म्हातारपण आणि अपंगत्व यांच्यावरचा हा कलंक धर्मविचारातूनच आला काय?

वरवर पाहता पुरावा पारनेरच्याच जिल्ह्यात सापडतो. नेवासे येथे शके १२१२ मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय ज्ञानाची लक्षणे वर्णितो. जन्म, मृत्यू, जरा म्हणजे वार्धक्य आणि व्याधी यांतील दुःखदोष सतत डोळ्यांसमोर ठेवणे हे गीतेने सांगितलेले त्यांतील एक लक्षण, आणि ज्ञानदेवांनी जरेने ढासळणाऱ्या देहाचे चित्र इतक्या निष्ठुर बारकाईने रंगवले आहे की ते वाचताना वृद्ध वाचकाला अवघडल्यासारखे व्हावे. परंतु या वर्णनाचा रोख कोणाकडे आहे, हे पाहिले पाहिजे. तिथे ज्ञानी पुरुष शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवत नाही. भर तारुण्यात तो स्वतःच्याच देहात उद्याची जरा पाहतो. जरादर्शन ही आत वळलेली दृष्टी आहे. तीच बाहेर वळली, दुसऱ्याच्या देहावर रोखली गेली, की वैराग्याचा उपदेश पाहता पाहता तिरस्कार होतो.

ती बाहेर वळली हे नाकारण्यात अर्थ नाही. कर्मविपाक म्हणजे पूर्वकर्मांची फळे परिपक्व होण्याचा सिद्धांत. त्याचा आधार घेऊन आंधळेपणा वा पांगळेपणा ही मागच्या जन्मीच्या पापाची खूण ठरवली गेली. मनुस्मृतीने अंध, बधिर, पंगू अशांना वारसाहक्कातून वगळले आणि त्याच वेळी त्यांचे भरणपोषण करणे हे वारसदारांचे कर्तव्य ठरवले. ही अपात्रता बऱ्याच अंशी दूर करण्यासाठी १९२८ चा कायदा लागला आणि रोग, दोष किंवा व्यंग या कारणांनी कोणीही वारसाहक्काला अपात्र ठरणार नाही, हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने स्पष्ट केले. मात्र ‘पोसू, पण वाटा देणार नाही’ ही वृत्ती कायद्याच्या पुस्तकातून गेली, तरी वस्तूंच्या घडणीत टिकून आहे. २०१७ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, चाकाच्या खुर्च्या मोफत मिळतात, आणि त्यांची गरज खरी आहे. पण साधन दान म्हणून घरी आले आणि घराचा उंबरठा, मोरी, संडास जसेच्या तसे राहिले, तर ते साधन घरातल्या एकट्याच माणसाचे, काहीसे इस्पितळातून आल्यासारखे, कोपऱ्यात उभे राहते.

देवळाच्या दारात तर साधनापुढे सरळ तात्त्विक पेच उभा राहतो. पोलिओने अधू झालेल्या पायाचा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी धातूची पट्टी, बहुधा बुटाला जोडलेला असतो. बूट बाहेर काढायचा तर चालणेच बाहेर काढून ठेवावे लागते. मग कॅलिपर पादत्राण मानावा की पाय? न्यायदर्शनाने शरीराची व्याख्या करताना चेष्टेचा, म्हणजे हवे ते मिळवण्यासाठी आणि नको ते टाळण्यासाठी होणाऱ्या हेतुपूर्वक हालचालीचा, आश्रय हे एक लक्षण धरले आहे. नैयायिक कदाचित कॅलिपरला शरीर न म्हणता करण, म्हणजे साधन, म्हणेल. फ्रेंच तत्त्वज्ञ मोरिस मेर्लो-पाँती मात्र १९४५ च्या आपल्या ग्रंथात, सरावलेल्या आंधळ्या माणसाची काठी ही त्याला जाणवणारी वस्तू उरत नाही, तिच्या टोकाशीच त्याचा स्पर्श पोचतो, असे दाखवतो. या वादाचे सर्वांत मार्मिक उत्तर पंडितांकडून नव्हे, तर कारागिराच्या हातून आले. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला रबरी ‘जयपूर फूट’ बुटाशिवाय चालतो, उकिडवे आणि मांडी घालून बसू देतो, दिसतोही पायासारखा. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट आणि खुर्ची गृहीत धरत होता. या पायाने शेत, चूल आणि देऊळ गृहीत धरले.

तरीही तो विशिष्ट माणसासाठीचा पायच. स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणारे अमेरिकी वास्तुविशारद रॉन मेस यांनी ज्याला सार्वत्रिक आरेखन म्हटले आणि भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानेही ज्याची व्याख्या केली, ती कल्पना आणखी पुढे जाते: वस्तू, वास्तू व सेवा मुळातच अशा घडवाव्यात की, शक्य तितक्या सर्वांना त्या वेगळ्या सोयीविना वापरता याव्यात. ज्या गावातली तरणी पिढी पोटासाठी मुंबई-पुण्याला जाते आणि मागे म्हातारी माणसे राहतात, तिथे ग्रामपंचायतीची पायरी, एसटीचा दांडा वा देवळाचा कठडा आखणाऱ्याने आपलेच सत्तराव्या वर्षीचे गुडघे डोळ्यांपुढे आणणे, हे जरादर्शनच होय. फक्त ते सिमेंटात उतरते.

यावर आक्षेप येतो की चढण हीच तपश्चर्या आहे, कष्टाविना दर्शन कसले? कोरठणला प्रतिजेजुरी म्हणणाऱ्या खंडोबाभक्तांना मूळ जेजुरीची कथा ठाऊक असते. म्हाताऱ्या भक्ताला डोंगरावरच्या कडेपठार या जुन्या स्थानाची वाट चढवेना, तेव्हा देवाने त्याला वर उचलून नेले नाही, घरी वेगळी सोयही करून दिली नाही. देवच खालच्या गडावर येऊन राहिला, असे सांगतात. आज यात्रेकरूंची मुख्य गर्दी, तरण्याताठ्यांचीही, त्या खालच्या गडावरच होते. पायऱ्या अर्थात त्यालाही आहेत.