हिरव्या कामाची किंमत कोणी मोजायची?



श्रावणबाळ योजनेचे पैसे जमा झाल्याची बातमी लागली की परभणीतल्या कुठल्याही बँकेत जाऊन बघा. पासबुक पदराआड धरून बसलेली एखादी आजी दिसेलच. पासबुकात उमटलेली ओळ हाच तिचा पुरावा. तिला वाचता येत नसले, तरी शेजारणीला वाचायला लावता येते.

कागद वाचवण्याची मोहीम बँकांत तशी जुनी आहे. स्टेट बँकेने १ जुलै २०१० रोजी ‘ग्रीन चॅनेल काउंटर’ सुरू केले. पैसे काढायला स्लिप नको, कार्ड घासले की झाले. (आपल्याकडच्या पुष्कळांची खाती तेव्हा हैदराबाद बँकेत होती, ती २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली.) कागद वाचला, हे चांगलेच झाले. पण कार्ड आणि मोबाईल असणाऱ्याला त्यात सोसावे काय लागले? उलट त्याचा वेळ वाचला, बँकेचा छपाईचा खर्च वाचला. सोसते ती आजी. “मोबाईलवर मेसेज आलाय, तो बघा,” म्हणून तिला परत पाठवतात, आणि मोबाईल असतो पुण्याला गेलेल्या मुलाच्या खिशात.

पृथ्वीचे दुखणे आणि गरिबाचे दुखणे वेगळे काढता येत नाही, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात समजावले होते. बँकेच्या रांगेत ते फार लवकर पटते.

मग हिरव्या सेवा नाकाराव्यात का? मला तसे वाटत नाही. जानेवारी २०२४ मध्ये स्टेट बँकेने हरित मुदत ठेव आणली. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे असा पैसा सौरऊर्जेसारख्या कामांनाच द्यावा लागतो, कोळशाच्या प्रकल्पांना देता येत नाही, आणि तो खरेच तिकडे गेला का, हे बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावे लागते. सुरुवातीला ११११ दिवसांच्या हरित ठेवीवर ६.६५ टक्के व्याज होते, तेवढ्याच मुदतीच्या साध्या ठेवीवर ६.७५. म्हणजे लाखामागे वर्षाला साधारण शंभर रुपये कमी.

ठेवीदार विचारील, हवा-पाणी सगळ्यांचे, मग शंभर रुपये माझेच का जावेत? प्रश्न रास्त आहे. पण आपण काय सोडतो आहोत हे त्याला ठाऊक असते, आणि ‘नको’ म्हणायची मोकळीकही असते. आजीला कोणी विचारले होते?

मी स्वतः कागदी स्टेटमेंट बंद केले, तेव्हा मला माझेच फार कौतुक वाटले होते. परवा एक तरुण पासबुक छापायच्या यंत्रापाशी उभा राहून तीन आजींची पासबुके भरून देताना दिसला. त्याचे स्वतःचे सगळे व्यवहार मोबाईलवर होतात म्हणे.